ताई सिनेमातून उठून गेली

दातवाले काका म्हणून ज्यांना सगळी गल्ली ओळखते, ते दातांचे डॉक्टर नाहीत. हा खुलासा त्यांना दिवसातून दोनदा तरी करावा लागतो, कारण कोणी ना कोणी गाल धरून त्यांच्या दारात उभं राहतंच. "दुखणारे दात वरच्या मजल्यावर. इथं न दुखणारे मिळतात," असं म्हणून ते बोटानं जिना दाखवतात आणि पुन्हा मान खाली घालतात.

खाली टेबलावर कोणाचं तरी तोंड उघडं पडलेलं असतं. प्लॅस्टरचं. वरचे डॉक्टर जबड्याचा ठसा घेऊन खाली पाठवतात, काका त्यात प्लॅस्टर ओततात, साचा सुकला की त्यावर मेणाची हिरडी चढवतात आणि त्या मेणात एकेक दात रोवत बसतात. मग कवळी तयार होते, ती घासायची, पॉलिशच्या फिरत्या चाकाला लावायची, गुळगुळीत करायची. तीस वर्षं हेच. त्यामुळे त्यांना माणसं चेहऱ्यानं कमी आणि दातांनी जास्त लक्षात राहतात. रस्त्यात कोणी हसून हात केला की ते आधी खालची रांग बघतात, मग ओळख पटते.

पण काकांचा खरा लौकिक दातांचा नाही, शनिवारचा आहे.

शनिवारी दुपारी तीनला ते दुकान बंद करतात, नखांतली पांढरी भुकटी ब्रशनं काढतात आणि चर्चच्या मागच्या सभागृहात जाऊन सिनेमा लावतात. एका बंद पडलेल्या शाळेनं देऊन टाकलेला प्रोजेक्टर, समोर चुना दिलेली भिंत, दोन्ही बाजूंना बाकडी. सिनेमे सगळे घरगुती. आजीपासून रांगत्या पोरापर्यंत कोणालाही मान फिरवावी लागू नये असे. हरवलेला कुत्रा, पोरकी मुलं, तुसडा शेजारी, उडता न येणारं बदक. सिनेमा संपला की काका भिंतीपुढं उभे राहतात, हिरवी वही उघडतात आणि दरवेळी एकच विचारतात, "तर मंडळी, यात प्रभू कुठं भेटला?"

नऊ वर्षं हा उद्योग चालू आहे. काकांचं म्हणणं असं, की सिनेमा बनवणाऱ्याला पत्ता नसतो, त्याला आपलं पोट भरायचं असतं, पण गोष्ट जरा खरी झाली की प्रभू तिकीट न काढता आत शिरतो. आपण फक्त तो कोणत्या रांगेत बसलाय ते शोधायचं. तुसडा शेजारी पहिल्यांदा दार उघडतो तिथं कृपा. कुत्र्याला शोधायला मालक पावसात निघतो तिथं मेंढपाळ. वहीत डाव्या पानावर सिनेमातला प्रसंग आणि उजव्या पानावर बायबलातला दाखला, अशी जमवाजमव त्यांनी शेकडो वेळा केली आहे.

पोरं मात्र आता तयार झालीत. त्यांनी गुपचूप एक हिशेब बसवलाय: शेवटाच्या जरा आधी जो मरतो किंवा मेलासा वाटतो, तो प्रभू. त्यामुळे काकांनी प्रश्न विचारायच्या आत पुढच्या बाकावरून आवाज येतो, "बदक." काका म्हणतात, "अरे, पण का?"  'का' हा भाग काकांनी सांगायचा, असं पोरांनी परस्पर ठरवून टाकलंय.

काकांची बायको चहाचा थर्मास घेऊन मागच्या रांगेत बसते. एकदा घरी जाताना ती म्हणाली, "अहो, बदकात तुम्हाला प्रभू दिसतो. माझ्यात बरा दिसत नाही."

"तू आवाज फार करतेस."

"आणि बदक काय मौन पाळतं?"

यावर काकांनी बराच विचार केला आणि थर्मास आपल्या हातात घेतला.

चर्चला नवे पाळक आले, वयानं तरुण, तेव्हा त्यांनाही सुरुवातीला हे जरा अतीच वाटलं. दोन-तीन शनिवार बसून गेल्यावर मात्र म्हणाले, "काका, चालू द्या. फक्त रविवारच्या उपदेशासाठी मला थोडं काही शिल्लक ठेवत जा."

सगळे येत. ज्यांचा चर्चशी संबंध नाही असेही येत, काही तर पंखे चांगले आहेत म्हणून येत. एकच माणूस नऊ वर्षांत एकदाही त्या दारातून आत आला नव्हता. तो माणूस म्हणजे काकांची थोरली बहीण.

ताई काकांपेक्षा अकरा वर्षांनी मोठी. आईवडील एकाच हिवाळ्यात गेले तेव्हा काका आठ वर्षांचे होते आणि ताई एकोणीस. तिनं हॉस्पिटलच्या धुलाईघरात काम धरलं आणि एकतीस वर्षं चादरींना इस्त्री केली. पहाटे पाचला बाहेर, दुपारी तीनला घरी. धाकट्याला खाऊ घालायचं, अभ्यासाला बसवायचं, कान तपासायचे, आणि रविवारी ओला भांग पाडून उपासनेला न्यायचं. लग्न केलं तेही धाकट्याच्या हाताला काम लागल्यावर. उशिराचं लग्न, एक मुलगा झाला, नवरा लवकर गेला. आता ती काकांच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायची आणि वरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला की काठीनं छत वाजवायची.

सिनेमा या गोष्टीवर तिचा राग होता. त्याला कारण काकाच. सोळाव्या वर्षी त्यांनी प्रार्थनासभेच्या नावाखाली लागोपाठ चार रविवार सिनेमागृहात काढले होते. पाचव्या रविवारी ताई थेट आत शिरली, अंधारात रांगेरांगेतून "धाकट्या, ऊठ" म्हणत फिरली आणि त्यांना कान धरून बाहेर घेऊन गेली. पडद्यावर त्या वेळी नायकाचं लग्न लागत होतं, पण प्रेक्षकांनी ही वरात जास्त आवडीनं पाहिली.

आता ताई चालली होती. मुलाची बदली लांबच्या शहरात झालेली, नातवंड झालेलं, आणि मुलानं आईला कायमचं तिकडं बोलावलं होतं. गुरुवारची गाडी होती. मधे एकच शनिवार. काकांच्या मनानं घेतलं, की ताईनं जायच्या आधी एकदा, फक्त एकदा, सभागृहात येऊन बसावं. आपण नऊ वर्षं काय करतोय ते तिनं बघावं. ती गेली की मग हे दाखवायचं कोणाला? बायकोला त्यांनी हे सांगितलं नाही, पण बायकोला ते कळलं, कारण काका आठवडाभर दातांचे रंग चुकवत होते.

सिनेमा त्यांनी मुद्दाम तिच्यासाठी निवडला. दोन पोरके भाचे आणि त्यांना वाढवणारी एक मावशी. "ताई, तुझ्यासाठीच लावतोय," ते म्हणाले. ताईनं बांधाबांध करता करता विचारलं, "नाचगाणी आहेत का?" नाहीत म्हटल्यावर म्हणाली, "बरं. पण पाठ दुखली तर मी उठेन."

शनिवारी ती आली. इस्त्रीची कडक घडी मोडलेली साडी, दंडाला पिशवी. बायकोनं तिला दुसऱ्या रांगेत बसवलं. ताई आलीय हे मंडळींना काही वेळ पटेचना. पाळकांनी स्वतः उठून पंख्याचा वेग वाढवला. काकांनी दिवे मालवले आणि सिनेमा सुरू झाला.

पहिल्या पाच मिनिटांतच काहीतरी चुकल्याचं काकांच्या लक्षात आलं.

भिंतीवर मावशी दारातून आत आली आणि मागं भोंग्यासारखा एक बाजा वाजला. सभागृह हसलं. मावशी बोलायला लागली. तिचा आवाज चिरका होता. "गाढवांनो, पाय पुसा." पुन्हा बाजा. पोरं बाकावर आडवी झाली. भाचे तिच्या पाठीमागं तिची नक्कल करत होते, तिच्या चपला लपवत होते, आणि ती वाकून चपला शोधायला लागली की तो बाजा इतका नेमका वाजायचा, की चर्चच्या कोशाध्यक्षांनाही हसू आवरेना. हा विनोदी सिनेमा होता. आणि विनोद मावशीवर होता.

काकांना हे नवीनच होतं. त्यांनी हा सिनेमा पाहिला होता, अगदी पूर्ण. पण पाहिला होता तो दुकानात, कवळ्या पॉलिश करताना. मोबाइल दातांच्या ट्रेला टेकवून ठेवायचा आणि चाक फिरत असताना एका डोळ्यानं बघायचं, ही त्यांची नऊ वर्षांची रीत. चाकाचा आवाज एवढा, की मोबाइलचा आवाज लावून उपयोगच नसायचा, म्हणून ते तो बंदच ठेवत. कुत्र्या-बदकांच्या सिनेमात त्यानं काही बिघडत नाही. इथं मात्र सगळंच बिघडलं होतं.

तेवढ्यात पडद्यावर धाकट्या भाच्यानं उशी कंबरेला बांधली, पिशवी दंडाला लावली आणि मावशीसारखा डुलत डुलत चालून दाखवू लागला. सगळं सभागृह खदखदलं. दुसऱ्या रांगेतून एक आकृती उठली. तिनं पिशवी सावरली, गुडघे चोरून बसलेल्या माणसांच्या पुढून नीट वाट काढली आणि ती दार लोटून बाहेर गेली. दार तिनं आपटलंही नाही.

काकांचा एक नियम होता. सिनेमा मधे थांबवायचा नाही. दोनदा वीज गेली होती ती वगळता नऊ वर्षांत तो मोडला नव्हता. ते प्रोजेक्टरपाशी क्षणभर तसेच उभे राहिले. मग बायकोला म्हणाले, "थांबव हे," आणि बाहेर पडले.

ताई फाटकापाशी उभी होती, सूचनाफलकाच्या सावलीत. उन्हं उतरत आली होती.

"ताई."

"जा आत. तुझी माणसं बसलीत."

"मी मुद्दाम नाही लावला गं."

"मग काय चुकून लावलास? आठ दिवस तुझ्यासाठी, तुझ्यासाठी करत होतास."

"मी तो बिनआवाजाचा बघितला होता."

ताईनं मान वळवली. "म्हणजे?"

"दुकानात. चाक चालू होतं. मला त्यातलं ऐकू काहीच आलं नाही. मला नुसती ती बाई दिसली. पहाटे उठते, डबे भरते, शर्टाची बटणं लावते, पोरं झोपली की खिडकीत एकटी उभी राहते. मला वाटलं, हा तर तुझा सिनेमा. मी रडलो, ताई. घरी ही विचारायला लागली तर डोळ्यात भुकटी गेली म्हणून सांगितलं."

"आणि ती बोलत होती ते?"

"ओठ हलताना दिसत होते. मला वाटलं, प्रार्थना म्हणतेय."

ताईनं ओठ घट्ट मिटले. हसू दाबायचं असलं की ती असंच करायची, पण डोळे काही हसत नव्हते. "त्यांना गाढव म्हणत होती ती."

"हो. ते आत्ता कळलं."

"मीही म्हणायचे तुला."

"म्हणायचीस."

फाटकातून एक सायकलवाला गेला. त्यानं काकांना हात केला. काकांनी त्याचे दात बघितले नाहीत.

"मी तुला एकदा पाहिलं होतं," ताई म्हणाली. "तू नववीत होतास. मी धुलाईघरातून येत होते. तुम्ही पाचसहा जण कोपऱ्यावर होतात, आणि तू माझी चाल करून दाखवत होतास. अशीच, पिशवी दंडाला लावून. मी मागं फिरले आणि दुसऱ्या गल्लीनं घरी आले."

काकांना ते आठवलं. त्या दिवशी ताई घरी उशिरा आली म्हणून आपण तिच्यावरच चिडलो होतो, हेही आठवलं.

"कधी बोलली नाहीस."

"काय बोलणार? चाल छान केली होतीस. एवढ्या चादरी उचलून माझी कंबर डावीकडं जाते हे मलाच तेव्हा कळलं." ती फलकावरच्या सूचना वाचत असल्यासारखी तिकडं बघत राहिली. "मला वाटलं होतं, ते वय असतं. आज बसले होते तर वाटलं, नाही. हा पन्नाशी ओलांडून, मंडळी जमवून, पंखे लावून तेच दाखवतोय."

"चुकलं माझं, ताई. आजचं नाही नुसतं. तेव्हाचंही."

  एरवी कोणत्याही प्रसंगाला लावायला एखादा दाखला काकांकडं तयार असतो. आज वही आत राहिली होती आणि डोकंही जवळपास तिथंच.

दाखला शेवटी ताईनंच काढला.

"दोन मुलांच्या त्या बापाचं सांगतोस ना तू पोरांना? धाकटा सगळं उधळून परत येतो, घरात मेजवानी, गाणंबजावणं. सगळे धाकट्याचंच सांगतात."

"त्याचा सिनेमा चांगला होतो."

"थोरला दिवसभर राबून येतो आणि आतला आवाज ऐकून बाहेरच उभा राहतो. त्याच्यासाठी बाप भरली मेजवानी सोडून बाहेर येतो. मी दरवेळी तिथं थांबते. किती वर्षं झाली, पुढं जावंसंच वाटत नाही."

"मग तो आत जातो का?"

ताईनं त्यांच्याकडं पाहिलं. अभ्यास तपासताना बघायची तसं. "लिहिलेलं नाही."

"नाही?"

"नऊ वर्षं लोकांना शिकवतोस. बापाचं बोलणं होतं आणि दाखला संपतो. तो आत गेला, की तिथंच राहिला, की निघून गेला, काही नाही."

काकांना हे फार लागलं. प्रत्येक सिनेमा शेवटची नावांची अक्षरं सरकेपर्यंत बघणारा माणूस, आणि एवढ्या मोठ्या गोष्टीचा शेवट लिहिलेला नाही हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. ते हळूच म्हणाले, "पण मी तर बाप नाही, ताई. मी धाकटा."

"तेच म्हणते मी. तो धाकटा आत बसून जेवत राहिला. तो बाहेर आला असता तर बापाला एवढं बोलावं लागलं नसतं." तिनं पिशवी एका दंडावरून दुसऱ्यावर घेतली. "पाय दुखायला लागले. आत पाठीची खुर्ची आहे का, की सगळी बाकडीच?"

"पाळकांच्या खोलीत एक आहे."

"मग आण."

आत सगळे बसल्या जागी होते. बायकोनं दिवे न लावता बिस्किटं फिरवली होती. भिंतीवर मावशी तोंड उघडं टाकून, बोट उगारून थिजली होती, आणि तिच्या वरच्या रांगेतला एक दात जरा पुढं आहे हे काकांना आत्ता दिसलं. ताई आत आल्याबरोबर बाकड्यांवरची कुजबुज थांबली. पाळकांनी आपली खुर्ची स्वतः उचलून आणली. ती अगदी पुढं ठेवली गेली.

काका प्रोजेक्टरवर वाकून म्हणाले, "आवाज बंद करतो."

"कशाला?" ताई खुर्चीत बसत म्हणाली. "बाई काय बोलते ते कळायला नको?"

सिनेमा पुढं सुरू झाला. मावशी ओरडली, बाजा वाजला, आणि कोणी हसेना. चाळीस माणसं गाल फुगवून खाली बघत बसली. कोशाध्यक्षांना खोकला आला. शेवटी ताईच मागं वळून म्हणाली, "हसू आलं तर हसा. मला सुतक नाही आलेलं." तरी कोणी हसलं नाही. मग पडद्यावर मावशीनं ओले मोजे घालून झोपणाऱ्या भाच्याचं पांघरूण ओढलं आणि त्याला खडसावलं. ताई मोठ्यानं म्हणाली, "बरोबर आहे तिचं." त्यावर अख्खं सभागृह फुटलं, आणि त्यात ताईचाही आवाज होता. काकांनी तो आवाज फार वर्षांनी ऐकला.

पुढचा सगळा सिनेमा तिनं तसाच बघितला, मावशीशी बोलत. चूल पेटती ठेवून मावशी दाराशी गेली तेव्हा ताई अस्वस्थ झाली. भाचे श्रीमंत चुलत्याकडं पळून गेले तेव्हा म्हणाली, "जाऊ देत. दोन दिवसांत कंटाळतील." ते कंटाळले. परत आले. मावशीनं दार उघडलं, दोघांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "बूट बाहेर काढा." एवढंच. बाजाही वाजला नाही. ताईनं पिशवीतून रुमाल काढला, चष्मा पुसला आणि पुन्हा लावला. तिच्या शेजारी जमिनीवर बसलेल्या एका चिमुरडीनं आपल्या वाट्याचं बिस्किट तिच्या मांडीवर ठेवलं. ते ताईनं खाल्लं.

गुरुवारी काका आणि त्यांची बायको तिला गाडीवर सोडायला गेले. सामान वर ठेवलं, पाण्याची बाटली हाताशी दिली. शनिवारचा विषय चार दिवसांत कोणी काढला नव्हता. काका खिडकीपाशी उभे होते. ताईनं त्यांना गॅसच्या नळीपासून दुकानातल्या भुकटीपर्यंत सगळ्या सूचना दिल्या, तोंडाला फडकं बांधत जा म्हणून दोनदा बजावलं, आणि मग म्हणाली, "धाकट्या, तो सिनेमा मुलाकडं लावता येईल का रे?"

"येईल की. त्याच्या टीव्हीवर येईल. पण परत कशाला बघतेस?"

"मला नाही, त्याला दाखवायचाय. सुनेलाही." तिनं पिशवी मांडीवर नीट घेतली. "त्यालाही मी गाढव म्हणूनच वाढवलंय. हसेल तो. मग मी उठून गॅलरीत जाऊन उभी राहीन."

"आणि?"

"आणि बघेन किती वेळानं येतो ते."

गाडी हलली. काका खिडकीबरोबर थोडं चालले, मग जरा पळाले, आणि त्यांची बायको मागून ओरडली, "अहो, गुडघा." ताईनं आतून हात हलवला, तो निरोपाचा होता की पळू नकोस म्हणून दटावण्याचा, हे काकांना खिडकीच्या काचेतून नीट दिसलं नाही.